संध्याकाळचा डोळा

माझ्या बायकोची थोरली बहीण बाहुल्यांचे डोळे काढते. हे मी ज्याला ज्याला सांगितलं, तो तो दचकला. मग मला सांगावं लागतं, "अहो, काढते म्हणजे रंगवते. ब्रशने." माणूस हसतो, आणि ओळख तिथेच पक्की होते. ताईंना स्वतःला हा विनोद आवडत नाही. "डोळे काढणं हे गुंडांचं काम, मी डोळे घालते," असं त्या म्हणतात.

आता यावर मला पूर्वीसारखं हसता येत नाही. जे घडलं त्याचा धक्का अजून उतरलेला नाही.

ताई आणि माझी बायको यांच्यात वयाचं बरंच अंतर आहे. आई लवकर गेली तेव्हा ताई नुकत्याच शाळेतून बाहेर पडल्या होत्या आणि धाकटीला वेणीसुद्धा घालता येत नव्हती. वडील फिरतीवर असायचे. ताईंनी पुढचं शिक्षण गुंडाळून ठेवलं आणि घरामागच्या रस्त्यावर बाहुल्यांचा कारखाना होता तिथे काम धरलं. आधी झाडलोट केली, मग डोकी पुसायचं काम मिळालं, आणि एकदा डोळे रंगवणारे म्हातारे आजारी पडल्यावर ताईंनी कुणाला न विचारता त्यांच्या खुर्चीवर बसून एक डोकं पुरं केलं. आताच्या मालकांच्या वडिलांनी ते डोकं हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि फक्त म्हणाले, "उद्यापासून इथेच बस." तेव्हापासून ती खुर्ची ताईंची. कारखान्यात त्यांना नावाने कुणी हाक मारत नाही. डोक्यांवर केस बसवणारी ती केसवाली, साचे भरणारा तो साचेवाला आणि ताई म्हणजे डोळेवाली.

मी एकदोनदा त्यांचं काम बघायला गेलो आहे. मोठ्या खिडकीखाली टेबल, त्यावर लाकडी दांड्यांवर खोचलेली चिनी मातीची पांढरीशुभ्र डोकी ओळीने उभी. नाक आहे, ओठ आहेत, पण डोळ्यांच्या जागी नुसते गुळगुळीत खळगे. पहिल्यांदा बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. ताई आधी सगळ्या ओळीचे उजवे डोळे रंगवतात. मग सगळ्यांचे डावे. आणि मग प्रत्येक डोकं लहान आरशासमोर धरतात. आपण जे सरळ बघून बघून सवयीचं करून घेतो, ते आरशात उलटं झालं की त्यातला तिरकेपणा लगेच डोळ्यांत भरतो. एक पापणी केसभर खाली असली तरी ताई तो डोळा फडक्याने पुसून टाकतात. रंग भट्टीत जाईपर्यंत पुसता येतो, भट्टीतून आला की कायमचा.

"दोन डोळे जुळे भाऊ असले पाहिजेत," त्या म्हणायच्या. "एक हसला की दुसऱ्याने पण हसायचं."

या सवयीमुळे त्या घरी आल्या की माणसांकडेही तशाच बघतात. चहाचा कप हातात देताना मला एकदा म्हणाल्या, "भाऊजी, तुमची डावी भुवई उजवीपेक्षा हुशार आहे." मी दुसऱ्या दिवशी दाढी करताना बराच वेळ भुवया बघत बसलो आणि ऑफिसला उशिरा पोचलो. मी वाणिज्य शाखेतून पास झालेला, आयुष्य हिशेबाच्या खात्यात काढलेला माणूस. माझी उशिरा पोचण्याची ती बहुधा एकच वेळ असेल.

गेल्या वर्षी कारखान्याच्या मालकांनी, म्हणजे त्या जुन्या मालकांच्या मुलाने, सगळ्यांना एकत्र बसवलं. ते बाहेर एका मोठ्या प्रदर्शनाला जाऊन आले होते. त्यांनी सांगितलं की लहान मुलांसाठी आता प्लॅस्टिकच्या बाहुल्या मिळतात, आपल्याकडून घेतात ते संग्राहक. काचेच्या कपाटात ठेवणारे, मोठे, जाणकार लोक. आणि त्या लोकांना गोबऱ्या गालांचा कंटाळा आला आहे.

"त्यांना आता वय झालेले चेहरे हवेत," मालक म्हणाले. "पोक्त. जगून झालेले."

केसवाली फिसकन हसली. "म्हणजे म्हाताऱ्या? साहेब, म्हाताऱ्या घरोघरी फुकट मिळतात. वर त्या बोलतात पण. पैसे देऊन मुकी म्हातारी कोण घेणार?"

"मुकी आहे म्हणूनच घेतील," साचेवाला म्हणाला.

"तुझ्या सासूला सांगते थांब."

मालकही हसले, पण ताईंकडे बघून म्हणाले, "ताई, नमुना तुम्ही करायचा. पुढच्या मेळाव्यात संग्राहकांसमोर ठेवू. त्यांना पसंत पडला तर आपलं हे काम पुढे चालेल. नाही तर मग डोळे छापायचं यंत्र घ्यावं लागेल, सगळे घेतायत."

छापायचं यंत्र म्हणजे ती खुर्ची रिकामी. हे सगळ्यांना कळलं.

ताई त्या संध्याकाळी थेट आमच्याकडे आल्या. चप्पलसुद्धा नीट काढली नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून धाकटीला म्हणाल्या, "तू माझ्यासमोर बसायचंस."

"कशाला?"

"मला वय झालेली बाई हवी आहे."

माझी बायको वाचनालयात काम करते आणि तिच्या मते तिचं वय अजून व्हायचं आहे. "ताई, तू स्वतः आरशात का नाही बघत?" ती म्हणाली. "तू थोरली ना?"

"माझ्या तोंडावर अनुभव नाही, नुसता वैताग आहे. तुझ्या तोंडावर दोन्ही आहेत."

"अहो, ऐकताय ना? तुमच्या घरात येऊन ही मला काय म्हणतेय!"

मी वर्तमानपत्र उभं धरलं. दोन बहिणींच्या मध्ये पडणारा माणूस शहाणा नसतो.

तर असं ते सुरू झालं. सुट्टीच्या दिवशी सकाळी ताई डोकं, दांडी, रंगाची पेटी घेऊन यायच्या. बायको खिडकीपाशी बसायची आणि सतत बोलायची. ताई सतत "तोंड मिट" म्हणायच्या. कपाळावरच्या रेषा आल्या, नाकापासून ओठांपर्यंतच्या घड्या आल्या, हनुवटीखालची सैल कातडीही आली. बायकोने ते बघून किंकाळी फोडली. "ही मी? ताई, मी काय तुझं घोडं मारलंय?" पण खरं सांगायचं तर ती तंतोतंत तीच होती, आणि ती मनातून खूश होती.

फक्त डोळे जमेनात.

सुट्टीच्या सकाळी ताई डोळे पुरे करायच्या. मधल्या एखाद्या दिवशी कारखाना सुटल्यावर पडताळून बघायला यायच्या. बायकोही तेव्हा वाचनालयातून नुकतीच आलेली असायची. ताई डोकं तिच्या चेहऱ्याशेजारी धरायच्या आणि त्यांचा चेहरा पडायचा. डावी पापणी चुकलेली. बाहुलीची वर, धाकटीची खाली. त्या निमूटपणे डोळा पुसायच्या आणि नव्याने खाली घ्यायच्या. पुढच्या सुट्टीला सकाळी येऊन बघावं, तर बाहुलीची पापणी खाली आणि धाकटीचे दोन्ही डोळे अगदी जुळे भाऊ.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी एवढंच बघत होतो की ताई बोलेनाशा झाल्या आहेत. पूर्वी घरात शिरल्या की आधी त्यांचा टोमणा यायचा, मागून त्या. आता मुकाट्याने बसायच्या, मुकाट्याने जायच्या. मधे त्या चष्म्याच्या दुकानात जाऊन डोळे तपासून आल्या. नंबर होता तोच होता.

एकदा मी त्यांना बसथांब्यापर्यंत पोचवायला निघालो तर वाटेत थांबल्या. "भाऊजी, तुमच्या पोटात गोष्ट राहते म्हणून सांगते. धाकटीला बोलू नका. माझा हात गेला."

"म्हणजे?"

"एक डोळा धड काढता येत नाही मला. इतकी वर्षं पापणी केसभर इकडची तिकडे होऊ दिली नाही. आता बरोबर म्हणून ठेवते आणि चार दिवसांनी बघते तर चूक. चूक म्हणून सुधारते, तर सुधारलेलं चूक." त्यांनी उजवा हात दिव्याखाली धरला. हात दगडासारखा स्थिर होता. "बघा, हलत पण नाही. हलला असता तर निदान कळलं असतं. हा आतून गेलाय. मेळावा झाला की मालकांना सांगते, यंत्र आणा."

आमच्या कामात लोक धीर देत नाहीत, रीत सांगतात. मी तेच केलं. म्हटलं, "ताई, दोन आकडे जुळत नसले तर आम्ही त्यातला एक खोडत नाही. दोन्ही तसेच ठेवतो. शेजारी शेजारी मांडले की फरक कुठे आहे ते सापडतं. तुम्ही पुसताय कशाला? दोन डोकी करा."

आम्ही थांब्यावर पोचलो तोवर बस आली. "तुमची डावी भुवई खरंच हुशार आहे," असं पुटपुटून ताई बसमध्ये चढल्या.

त्यांनी दोन डोकी केली. एक सगळं सकाळचं, एक सगळं संध्याकाळचं. दोन्ही भट्टीतून काढली. आता पुसणं नव्हतं.

मेळावा एका शाळेच्या सभागृहात होता. टेबलांवर पांढरी कापडं अंथरलेली, त्यावर नाना तऱ्हेच्या बाहुल्या, आणि त्यांच्यामधून हातमोजे घातलेली माणसं हळूहळू फिरत होती. मी खोकी उचलायला गेलो होतो. बायको कामावरून परस्पर घरी जाणार होती, तिला बरं वाटत नव्हतं. "दमलेय हो, जबडासुद्धा दमलाय," असं ती आदल्या रात्री जेवताना म्हणाली होती. मी म्हटलं होतं, "बोलणं कमी कर." हा आमचा रोजचा विनोद.

मालकांनी सकाळचं डोकं राखाडी कपडे घातलेल्या धडावर बसवून मधोमध ठेवलं. संध्याकाळचं डोकं ताईंच्या पिशवीत होतं, रुमालात गुंडाळलेलं. ते त्यांनी कुणाला दाखवलं नव्हतं.

लोक येत होते, बघत होते. मला वाटलं होतं की हवं का नको, याचं उत्तर पटकन मिळेल. तसं काही होत नाही. एक गृहस्थ बाहुलीकडे बघून म्हणाले, "वय असावं, पण शोभेल इतकंच. ही फार खरी झाली." त्यांच्याबरोबरच्या बाई म्हणाल्या, "मला बाई, माझ्या नणंदेसारखी वाटते. कपाटात ठेवली तर रात्री मलाच विचारेल, दूध झाकलंस का?" एका तरुण मुलीने मात्र ती खूप वेळ न्याहाळली आणि ती पुढच्या टेबलाकडे वळली. मालकांचा चेहरा उतरत चालला होता. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. इथे तर पिकलेलंच विकत नव्हतं.

मग घड्याळवाल्या बाई आल्या. त्यांचं घड्याळांचं दुकान आहे, नवरा गेल्यापासून त्याच चालवतात. मालक माझ्या कानाशी म्हणाले, "या फक्त वय झालेल्याच घेतात. यांना पसंत पडली की बाकीचे मागून येतात."

उंच, सडपातळ बाई. केस पूर्ण पांढरे. त्यांनी बाहुली उचलली नाही, स्वतः वाकून तिच्या पातळीवर आल्या. बऱ्याच वेळाने विचारलं, "डोळे कुणी केले?"

मालकांनी ताईंना पुढे केलं.

"फार कसबी हात आहे तुमचा."

एरवी ताईंना हे चार दिवस पुरलं असतं. पण त्यांना ते चिमट्यासारखं लागलं. त्या एकदम म्हणाल्या, "कसबी कसला? हे बघा माझं कसब." आणि पिशवीतून रुमाल काढून त्यांनी दुसरं डोकं टेबलावर ठेवलं. "एकाच बाईचा चेहरा. एकाच हातचा. ही पापणी बघा आणि ती बघा. मला अजून ठरवता आलं नाही बरोबर कोणतं."

मालक पुटपुटले, "ताई, हे काय!" पण घड्याळवाल्या बाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. त्यांनी धडावरचं डोकं अलगद उतरवलं आणि दोन्ही डोकी दोन हातांत घेतली. एकदा इकडे, एकदा तिकडे. मी त्यांच्याकडेच बघत होतो म्हणून सांगतो, त्यांच्या तोंडावरचा रंग बघता बघता उतरला.

"हे कधी केलंत? हे खालच्या पापणीचं?"

"संध्याकाळी. कामावरून आल्यावर बसत होती तेव्हा."

"आणि हे?"

"सुट्टीच्या सकाळी."

"दर वेळी असंच? सकाळी वर आणि संध्याकाळी खाली?"

कुणीतरी कानफटात मारावी तशा ताई उभ्या होत्या. इतके महिने त्या आपल्या हाताकडे बघत होत्या. समोरच्या चेहऱ्याकडे बोट दाखवून हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

"ही बाई कोण आहे?" घड्याळवाल्या बाईंनी विचारलं. "आहे ना?"

'आहे ना' म्हणजे काय हे समजायला मला एक क्षण लागला. "माझी बायको," मी म्हणालो.

"माझ्या नवऱ्याचं असंच होतं," त्या म्हणाल्या. "सकाळी ठणठणीत. दुकान बंद करताना एक डोळा मिटत यायचा. आम्ही त्याला चिडवायचो, एका डोळ्याने घड्याळं दुरुस्त करून दुसऱ्याला कायमची सुट्टी दिलीस म्हणून. मग जेवताना चावून चावून दमायचा. बोलणं नाकात जायला लागलं. तरी आम्ही म्हणायचो, वय झालं." त्यांनी डोकी खाली ठेवली. फार जपून ठेवली. "एके दिवशी पाणी पिताना श्वासच अडकला. तेव्हा कुठे डॉक्टरांनी नाव सांगितलं. तोवर उशीर झाला होता. तुमच्या मिसेस चावताना दमतात का?"

जबडासुद्धा दमलाय. मी बोलणं कमी कर म्हटलं होतं.

मी फोन शोधत होतो तोवर ताईंनी त्यांच्या फोनवरून लावून स्पीकर चालू केला. बायकोने उचलला. "हां, बोल. कशी झाली म्हातारीची परीक्षा?" तेच हसणं. पण शब्द सर्दी झाल्यासारखे नाकातून येत होते, आणि शेवटचे तर धड कळलेच नाहीत. दररोज संध्याकाळी मी तो आवाज ऐकत होतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

"धाकटे, काही खाऊ नको. पाणीसुद्धा पिऊ नको. आम्ही येतोय," ताई म्हणाल्या.

"आत्ताच प्यायले. नाकातून आलं बघ अर्धं. काय झालंय गं? तू अशी का बोलतेस?"

घड्याळवाल्या बाईंची गाडी बाहेर उभी होती. त्या स्वतःच चालवत होत्या. वाटेत घरून बायकोला घेतलं. ताईंनी दोन्ही डोकी मांडीवर घट्ट धरली होती. निघताना टेबलावरून उचललेली ती परत ठेवायला त्या विसरल्या होत्या, आणि मालक त्यांना अडवायला.

रुग्णालयात त्या वेळी कामावर असलेली डॉक्टर अगदी तरुण होती. तिने बायकोला वर बघत राहायला सांगितलं. बायको वर बघत राहिली, आणि आमच्या डोळ्यांदेखत तिची डावी पापणी हळूहळू खाली आली, दुकानाचं शटर ओढावं तशी. मग डॉक्टरने रबरी हातमोज्यात बर्फ भरून त्या डोळ्यावर धरला. थोड्या वेळाने काढला. पापणी वर होती. सकाळच्यासारखी.

मी आयुष्यात जादूचे प्रयोग पाहिले आहेत. पण इतका हादरलो नव्हतो.

"असं कधीपासून होतंय?" डॉक्टरने मला विचारलं.

नवऱ्याला विचारणं रास्तच होतं. पण इतके महिने तिच्याकडे निरखून बघणारा मी नव्हतो. तेवढ्यात ताईंनी मांडीवरची दोन्ही डोकी तिच्या टेबलावर ठेवली. "हे बघा," त्या म्हणाल्या. "मी हिला दर आठवड्याला बघतेय. पहिल्यांदा फरक आला तेव्हा पापणी इतकीशी खाली होती. मग इतकी. गेल्या वेळी बुबुळाच्या काठाला टेकली होती. मला सगळं आठवतंय, कारण मी प्रत्येक वेळी ते पुसलंय."

डॉक्टर एकदा डोक्यांकडे, एकदा बायकोकडे बघत राहिली. मग तिने वरिष्ठांना बोलावून आणलं आणि त्यांनाही तेच दाखवलं.

त्यांनी आम्हाला समजेल असं सांगितलं. स्नायू धड आहेत, नसाही धड आहेत, पण नसेकडून स्नायूला जाणारा निरोप वाटेत अडतो. विश्रांती मिळाली की निरोप पोचतो, वापरून वापरून स्नायू थकला की पोचत नाही. म्हणून सकाळी सगळं ठीक. डोळ्यापासून सुरू होतं, मग चावणं, गिळणं, बोलणं. आणि शेवटी श्वास. "श्वासापर्यंत यायच्या बेतात होतं," ते म्हणाले. "आज रात्री घरी राहिल्या असत्या तर मी काही सांगू शकलो नसतो."

बायको सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "म्हणजे मी म्हातारी झालेले नाही?"

"नाही," डॉक्टर म्हणाले.

"ताई, ऐकलंस?"

ताईंनी ऐकलं नव्हतं. त्या टेबलावरचं संध्याकाळचं डोकं परत रुमालात गुंडाळत होत्या.

बायकोला अतिदक्षता विभागात ठेवलं. औषधं सुरू झाली, छातीची तपासणी झाली, पुढे एक शस्त्रक्रियाही झाली. त्या सगळ्याच्या तपशिलात मी जात नाही. ती घरी आली. गोळ्या वेळेवर घ्याव्या लागतात, वाचनालयात अर्धा दिवस जाते. संध्याकाळी दोन्ही डोळे उघडे असतात आणि तोंडही.

मला वाटलं होतं ताईंना हायसं वाटेल. हात गेला नव्हता, उलट आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांपेक्षा तो हात खरा ठरला होता. मी तसं बोलूनही दाखवलं. त्या माझ्यावर उसळल्या.

"खरा? भाऊजी, मला दिसत होतं! प्रत्येक वेळी दिसलं आणि प्रत्येक वेळी मी फडकं घेऊन पुसलं. लहानपणापासून हिचं तोंड मी पुसत आलेय, म्हणून काय आजारही पुसायचा? माझ्या आरशाने मला शिकवलं, डोळे जुळले नाहीत तर चूक तुझी. मी दुसरं काही शिकलेच नाही."

"अगं, पण तूच वाचवलंस ना मला," बायको म्हणाली.

"मी नाही. घड्याळवाल्या बाईंनी."

"बरं बाई, त्यांनी. तू नुसती बसली होतीस."

यावर ताई हसल्या, मग रडल्या. मला स्वयंपाकघरात काहीतरी काम आठवलं.

कारखान्याचं म्हणाल तर, घड्याळवाल्या बाईंनी सकाळचं डोकं लगेच घेतलं. संध्याकाळचं त्यांनी मागितलं नाही, ताईंनीही ते कुणाला दिलं नाही. ते आता कुठे आहे हे मी विचारलेलं नाही. मेळाव्यात जे झालं त्याची बातमी संग्राहकांमध्ये पसरली आणि ज्यांनी 'फार खरी झाली' म्हणून नाकं मुरडली होती, तेच मालकांना फोन करायला लागले. मालक आता यंत्राचं नावही काढत नाहीत. केसवाली म्हणते, "लोकांना म्हातारी बाहुली नको होती हो. म्हातारीची गोष्ट हवी होती." तिचं म्हणणं बरोबर असेल. मला त्यातलं काही कळत नाही.

घड्याळवाल्या बाईंनी एक नवी बाहुली सांगितली आहे. त्याच चेहऱ्याची, पण बरी झालेली. ताईंनी बरेच दिवस टाळलं. शेवटी बायकोनेच त्यांचा हात धरून त्यांना खुर्चीत बसवलं. संध्याकाळी, तिच्याच हट्टाने. "सकाळी काय, सकाळी मी नेहमीच सुंदर असते," असं ती म्हणाली.

ताईंनी उजवा डोळा काढला. झकास आला. मग ब्रश रंगात बुडवला, डाव्या डोळ्याजवळ नेला, आणि थांबल्या. मी दारातून बघत होतो. जो हात दिव्याखाली दगडासारखा होता तो आता पानासारखा हलत होता. त्यांनी मनगट दुसऱ्या हाताने धरलं. तरी हलत होता. मग त्यांनी बाहुलीकडे बघणंच सोडलं आणि नुसत्या धाकटीच्या पापणीकडे बघत बसल्या. ती खाली येते का, ते. खिडकीतला उजेड कमी कमी होत गेला. पापणी वरच होती.

"अगं, काढ ना," बायको म्हणाली. "मला मान आखडली."

"आज उजेड नाही. उद्या."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या आल्या. बसल्या, बघितलं, आणि ब्रश धुऊन ठेवला. तिसऱ्या दिवशीही तेच. आता त्या रोज येतात. कारखाना सुटला की थेट आमच्याकडे. बायको खुर्चीत बसून बोलत राहते, ताई "तोंड मिट" म्हणत नाहीत, आणि अंधार पडल्यावर घरी जातात. बाहुली एका डोळ्याने आमच्या खिडकीत उभी आहे.

मालकांचा परवा फोन आला होता. घड्याळवाल्या बाई इथेच बसल्यात, विचारतायत, म्हणाले, किती दिवस लागतील?

ताईंनी फोन घेतला आणि अगदी शांतपणे सांगितलं, "त्यांना म्हणावं, रंग वाळायचाय."

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. पण फोन ठेवताना ताई जरा चकित दिसल्या. "बाई म्हणतात," त्या म्हणाल्या, "वाळू दे. घाई नाही."